चहात नापास

४ जून

विद्यार्थ्यांना मी दर वर्षी बजावते की संशोधन करणाऱ्याने आकडे एकीकडे लिहावेत आणि मनातली मळमळ दुसरीकडे, नाहीतर एकाचा वास दुसऱ्याला लागतो. स्वतः मात्र कधी लिहिलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आजपासून लिहिणार, कारण ऑगस्टअखेर समिती येतेय आणि आमच्या विभागाला पदव्युत्तर वर्ग चालवू द्यायचा की नाही ते ठरवणार आहे. त्यांना दाखवायला आमच्याकडे एकच घसघशीत गोष्ट आहे: माझी चहाची चाचणी.

ऑक्युपेशनल थेरपी शिकवते म्हटलं की लोक मुलाच्या नोकरीची चौकशी करतात. शेजारच्या काकांनी तर पुतण्याचा बायोडेटाच आणून दिला होता. आजाराने किंवा अपघाताने ज्याचं रोजचं जगणं अडलंय, त्याला ते पुन्हा जमावं यासाठी आमचं शास्त्र आहे, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. आता मी नुसतं हसते आणि बायोडेटा ठेवून घेते.

विभागात आम्ही खरंखुरं स्वयंपाकघर थाटलंय. ओटा खालीवर होतो, कपाटांना मोठ्या मुठी आहेत, खिडकीतून सायकल स्टँड दिसतो. रुग्ण तिथे चहा करतो आणि विद्यार्थी बाजूला हात मागे बांधून उभा राहतो. हा माझा नियम: हात मागे. मदतीला हात शिवशिवतात, आणि आपण मदत केली की समोरचा शिकत नाही. कोण कुठे अडलं, कशाने सावरलं, त्याचे गुण. ही चाचणी मी एकटीने उभी केली आणि आता ती आमच्या अभ्यासक्रमात आहे. चहाच का, असं एकदा कोणीतरी विचारलं. म्हटलं, जगात चहा न करणारं माणूस मला दाखवा.

आज सासूबाईंना रुग्णालयातून आमच्या घरी आणलं. पक्षाघाताने डावी बाजू गेली होती, ती थोडी परत आली आहे. काठीने चालतात. डावा हात मात्र मांडीवर पडून असतो. बोलणं अगदी स्वच्छ आहे. जरा कमी स्वच्छ असतं तरी चाललं असतं.

९ जून

घरात कालपासून एकच विषय. सासूबाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत त्या राहतात. सासरे गेल्यापासून एकट्याच. खानावळीतून डबा यायचा. मला ते कधीच पटलं नव्हतं. या वयात माणसाने आपलं आपण चार घास रांधून खावेत.

नणंदबाईंचं म्हणणं, दुकान भाड्याने द्यावं आणि आईने आता इथेच राहावं. नवरा नेहमीप्रमाणे मूग गिळून गप्प. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी माझ्या घरी जाणार." आणि काठी आपटली.

मग मीच तोडगा काढला. भावनेच्या भरात ठरवायला नको. ऑगस्टमध्ये माझी चाचणी घेऊ. पास झाल्या तर घरी, नाही तर इथे, आणि दुकान भाड्याने. शास्त्र कोणाची बाजू घेत नाही. नणंदबाई चटकन हो म्हणाल्या, इतक्या चटकन की मलाच भरून आलं. शास्त्रावर एवढा विश्वास हल्ली दिसत नाही. नवरा म्हणाला, "आई? आणि चहा?" आणि हसायला लागला. मी त्याला बाहेर नेऊन सांगितलं की आजारी माणसाला हसू नये.

सासूबाई कबूल झाल्या. म्हणाल्या, "घे बाई तुझी परीक्षा. मास्तरीण सून केली, भोगायला हवं."

१७ जून

सराव म्हणून पहिली चाचणी. घरचं माणूस संशोधनात घेता येत नाही, तेव्हा सासूबाईंचे गुण मोजणीबाहेर. तरी घेतली अगदी नियमाने. मी हात मागे बांधले.

निकाल वाईट. कपाटापुढे त्या परक्या घरी आल्यासारख्या उभ्या राहिल्या. पातेलं हाताशी असून दिसलं नाही. साखर आधी की पावडर आधी, हे मला विचारलं. गॅस मोठा ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. चहा उतू गेला तेव्हा, "अगं बाई, उतू जातं का हे?" असं अगदी मनापासून विचारलं. डावा हात पूर्ण वेळ मांडीवर.

हाताचं मी समजू शकते. पण कामाचा क्रम लावणं, वेळेचा अंदाज, लक्ष, सगळंच ढासळलंय. आजाराने मेंदूचा नियोजनाचा भागही पकडला आहे, आणि डॉक्टरांच्या हे लक्षात आलेलं नाही. माझ्या चाचणीच्या आलं. मला एकाच वेळी वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला.

२९ जून

रोज सकाळी त्यांना बरोबर नेते. एक विद्यार्थिनी त्यांना चहाचा सराव देते. नंतर मी तास घेते तोवर त्या स्वयंपाकघरातच बसून असतात, आयाबाई सोबतीला. प्रगती शून्य. आज पावडर मोजायला सांगितली तर म्हणाल्या, "डोळ्यांदेखत उकळतंय तेच खूप झालं, मोजायचं काय त्यात?"

एक चांगली बातमी. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचं चाक दोन वर्षं लडबडत होतं. कार्यालयाला मी किती अर्ज केले त्याची गणती नाही. आज ढकलली तर लोण्यासारखी सरकली! म्हणजे कार्यालयात माणसं आहेत तर. लगेच आभाराचं पत्र पाठवलं. चांगल्याला चांगलं म्हणावं.

८ जुलै

दुसरी चाचणी. पहिलीपेक्षा कमी गुण. त्यांनी साखर घातलीच नाही. वर म्हणाल्या, बिनसाखरेचा प्या, वजन उतरेल.

माझ्या हाताखाली जी तरुण प्राध्यापिका आहे, तिला सगळे धाकटी म्हणतात, तिने आज परवानगी मागितली. आपल्या चाचणीत पास-नापास झालेले लोक आता घरी कसे राहतात ते तिला घरोघर जाऊन बघायचंय. मी म्हटलं जा, खुशाल जा. सोन्याला कसोटीची भीती नसते. हे वाक्य मला इतकं आवडलं की समितीपुढच्या भाषणातही घालणार आहे.

१५ जुलै

आयाबाईंना आज बोलावं लागलं. सासूबाईंच्या डाव्या हाताच्या नखांत काळं वंगणासारखं काहीतरी. म्हटलं, लुळ्या हाताची स्वच्छता जास्त ठेवायची असते, तो आपला आपण धुतला जात नाही. आयाबाई खाली मान घालून उभ्या. सासूबाई त्यांच्याकडे बघून डोळे मिचकावत होत्या असं वाटलं, पण तो आजाराचाच भाग असेल. पापणीवरही परिणाम होतो कधीकधी.

घरी न्हाणीघराच्या दाराची करकर थांबली आहे. नवऱ्याला विचारलं, तू तेल घातलंस का? त्याने वर्तमानपत्राआडून "हं" केलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच न सांगता काम केलंय. मी कौतुक केलं. तो काही बोलला नाही. विनयही आला म्हणायचा!

२४ जुलै

नणंदबाई भाडेकरू घेऊन दुकान बघून आल्या. घाई कशाला म्हटलं तर म्हणाल्या, निकाल तर ठरलेलाच आहे.

सासूबाई रात्री जेवल्या नाहीत. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी विषय काढला तो सासऱ्यांचा. लग्न होऊन मी दुकानामागच्या त्या घरात आले, त्या सकाळी मला पहिला चहा सासऱ्यांनीच दिला होता, एप्रन बांधून, कप बशीत नीट ठेवून. "हातात जादू होती त्यांच्या," सासूबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघराच्या दारातून पलीकडे मला येऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, तुझे वंगणाचे हात घेऊन इकडे यायचं नाही." नवऱ्याच्या आठवणीने व्याकूळ झाल्या आहेत, चाचणीतल्या गुणांवर याचाही परिणाम होत असणार. टिपून ठेवते.

खरं लिहायचं तर मला त्या इथे राहाव्यात असंही वाटतं आणि जाव्यात असंही. टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात. माझ्या प्रत्येक वाक्यावर शेरा मारतात. पण संध्याकाळी दार उघडलं की "आली का मास्तरीण?" ऐकायची सवय झाली आहे. संशोधकाच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही.

३ ऑगस्ट

धाकटीने आज आकडे समोर ठेवले. माझ्या चाचणीत नापास झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक घरी उत्तम राहतायत. पास झालेल्यांपैकी कित्येकांनी घरच्या स्वयंपाकघरात पाऊलही टाकलेलं नाही. एक निवृत्त शिंपीदादा आपल्याकडे पैकीच्या पैकी गुण घेऊन गेले आणि घरी दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, कारण मशीनवर त्यांना कोणी बसू देत नाही. चहा ते सुरेख करतात. पीत नाहीत.

मी चिडले. नमुना लहान आहे म्हटलं, निरीक्षकाचा पूर्वग्रह आहे म्हटलं, तोंडाला येईल ते म्हटलं. धाकटीने कागद सारखे केले. मग म्हणाली, "मॅडम, पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला तुम्ही फळ्यावर एकच प्रश्न लिहिता. मी तुमचीच विद्यार्थिनी आहे, मला तो अजून आठवतो. तो या चाचणीत कुठे आहे?"

मी तिला बाहेर जायला सांगितलं. तो प्रश्न मी लिहिते खरा. "तुम्हाला काय करायचंय?" आमच्या शास्त्राची सुरुवातच तिथून होते. पण चाचणी म्हणजे चाचणी. प्रत्येकाला वेगळं विचारत बसलं तर गुण कशाचे देणार?

समिती तोंडावर आली आहे आणि आपलेच दात आपलेच ओठ.

९ ऑगस्ट

तास रद्द झाला म्हणून आज लवकर स्वयंपाकघराकडे गेले. दार अर्धवट उघडं होतं.

सासूबाई बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. समोर व्हीलचेअर उलटी घातलेली. अंगात सासऱ्यांचा जुना शर्ट. उजव्या हातात पाना. आणि डावा हात, जो दोन महिने माझ्या ओट्यापाशी मांडीवर पडून होता, तो चाकाची कड धरून होता. चाक फिरवायच्या, डोळा बारीक करून बघायच्या, डाव्या बोटांनी थांबवायच्या आणि एक तार आवळायच्या. चाक वाकडं फिरत असेल तर ते सरळ करतात, त्याला त्या आऊट काढणं म्हणतात. आऊट कुठे आहे, किती आहे, कुठली तार आधी, कुठली नंतर, सगळा क्रम बिनचूक. आयाबाई दिवा धरून उभ्या होत्या.

पाना डाव्या हातात घेताना एकदा निसटला आणि माझ्या पायाशी आला. मी वाकले नाही. हात आपोआप मागे गेले होते. सासूबाईंनी काठीने तो ओढून घेतला आणि मग वर बघितलं.

"पकडलंस," त्या म्हणाल्या.

ट्रॉली, न्हाणीघराचं दार, नखांतलं वंगण, सगळं एकदम डोक्यात उभं राहिलं. कार्यालयाला पाठवलेलं आभाराचं पत्र आठवून कपाळाला हात लावायची वेळ आली. मेंदूचा नियोजनाचा भाग म्हणे! नियोजन यांचं इतकं पक्कं, की दोन महिने माझ्या नाकाखाली कारखाना चालवला.

मी विचारलं, तुम्ही चहा कधी केला होता?

"कधीच नाही," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी दुकानात वडिलांबरोबर होते. लग्नानंतर हे होते. हे गेल्यावर डबा होता. मला येत नाही आणि मला आवडत नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस का?"

मी तिथेच, फरशीवर, त्यांच्यासमोर बसले. आणि वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेला प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा घरच्या माणसाला विचारला. "आई, तुम्हाला काय करायचंय?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "सकाळी शटर उघडायचंय. उजव्या हाताने उघडेल ते, तेल घातलं तर. पोरं सायकली घेऊन येतात, त्यांच्याशी भांडायचंय. दुपारी डबा खाऊन झोपायचंय. तुझ्याकडे मला काही कमी नाही गं. पण तुझ्याकडे मी पेशंट आहे."

आम्ही दोघी रडलो. आयाबाईही रडल्या, पण दिवा हलू दिला नाही.

१० ऑगस्ट

रात्री सगळ्यांना बसवून सांगितलं की सासूबाई घरी जाणार. नणंदबाईंनी माझेच शब्द माझ्या तोंडावर मारले. तूच म्हणालीस, पास झाली तरच. चहात आई दोनदा नापास आहे की नाही? मी म्हटलं, आहे. पण नापास मी आहे, परीक्षा घेणारी. आईंना चहा कधीच येत नव्हता, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?

नणंदबाई एकदम रडायला लागल्या. म्हणाल्या, आई पडलेली सापडली तेव्हा मी होते. तू नव्हतीस. ती दुकानात जमिनीवर होती आणि मला हाकही मारता येत नव्हती तिला. पुन्हा तसं झालं तर?

दुकानाची घाई म्हणजे नणंदबाईंचा भाड्याचा हव्यास असं मी समजायला लागले होते. तसं नव्हतं. मग आम्ही खरं काम सुरू केलं, कागद-पेन घेऊन, अगदी विद्यार्थ्यांना शिकवते तसं. भिंतीला आधाराचे दांडे, न्हाणीघरात खुर्ची, गळ्यात हाकेची घंटी, शेजारच्या दुकानदाराकडे किल्ली, रोज संध्याकाळी एक फोन. सासूबाईंनी घंटीला नाक मुरडलं. मग म्हणाल्या, सायकलची असेल तर घालते.

नवऱ्याला विचारलं, दाराचं तेल, आईंचा चहा, सगळं तुला माहीत होतं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सांगत होतो, तू मला बाहेर नेलंस." हे खरं आहे. लिहून ठेवते.

२८ ऑगस्ट

समिती आली. भाषणाचा जुना कागद मी घरीच ठेवला होता. सोन्याची कसोटीही गेली त्याबरोबर.

मी उभी राहिले आणि सांगितलं की ही चाचणी माझी आहे, ती इतकी वर्षं आम्ही शिकवतोय आणि ती अपुरी आहे. ते आमच्याच विभागातल्या प्राध्यापिकेने शोधून काढलं आहे. मग धाकटीला पुढे केलं. तिने शिंपीदादांचं सांगितलं. आता ते आमच्याकडे मशीनवर बसतात आणि उजव्या पायाने पायडल मारायला शिकतायत. चहाच्या जागी आता चाचणीची पहिली ओळ कोरी असते. रुग्ण सांगेल ते काम तिथे लिहायचं आणि त्याच कामाचे गुण मोजायचे. गुण कसे द्यायचे यावर आम्ही दोघी अजून भांडतोय, हेही तिने सांगून टाकलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, स्वतःची चाचणी मोडून दाखवायला इतक्या लांबून कोणी बोलावत नाही सहसा. वर्ग का द्यावा तुम्हाला?

मी म्हटलं, "कारण आमची विद्यार्थिनी आम्हाला चूक दाखवू शकते. याहून चांगलं शिकवता येतं का, मला माहीत नाही."

धाकटी माझ्याकडे बघत होती. मला इतका अभिमान वाटला, की तो मनात ठेवायला जागा कमी पडत होती. चाचणीच्या वेळी वाटायचा तसला नव्हता हा. निकाल पत्राने कळवणार आहेत.

१४ सप्टेंबर

सासूबाईंना पोचवून आलो. शटर त्यांनी स्वतः उघडलं. आम्ही सगळे मागे उभे, सगळ्यांचे हात मागे, नणंदबाईंचेसुद्धा. अर्ध्यावर अडलं. नणंदबाई पुढे झाल्या, मी त्यांचा दंड धरला. सासूबाईंनी शटरला एक शिवी दिली, डावा खांदा खाली लावला आणि ते धाडकन वर गेलं.

घर कसं मोकळं मोकळं वाटतंय. टीव्हीचा आवाज नाही. बरं झालं एकूण. उद्या दांड्यांची उंची बघायला जायला हवं.

२२ सप्टेंबर

पत्र आलं. वर्ग मिळाला, एका वर्षासाठी, नवी चाचणी पूर्ण करून दाखवण्याच्या अटीवर. विभागात गलका झाला. धाकटीने मला मिठी मारली आणि मग घाबरली.

आजही दुकानात जाऊन आले. पंपाची मूठ जाड करायची होती. परवा खुर्चीचे पाय बघायचे आहेत. पाठपुरावा फार महत्त्वाचा असतो.

६ ऑक्टोबर

आज काहीच काम नव्हतं, तरी गेले. दुकानात गर्दी. सासूबाई तीनचाकी सायकलचं पंक्चर काढत होत्या, ट्यूब डाव्या हाताच्या मुठीत धरून. बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत, पण ट्यूब सुटत नाही. मी हात मागे बांधून उभी राहिले.

एका गिऱ्हाइकाने विचारलं, या कोण?

"माझी सून," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "कॉलेजात शिकवते. आजारी माणसाला काय करायचंय ते आधी विचारायचं, मग त्याला ते करू द्यायचं, हा हिचा धंदा. फार कठीण असतो. हिच्याइतका कोणाला येत नाही."

आयुष्यभर लोकांना समजावत आले, मला तो असा दोन वाक्यांत कधी सांगता आला नव्हता. मी दुसरीकडे बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि गिऱ्हाईक अनोळखी होतं.

"अशी काय उभी?" सासूबाई म्हणाल्या. "आत जा आणि चहा टाक. मला कमी साखरेचा."

आत गेले. सासऱ्यांचा एप्रन अजून खुंटीला होता. तो बांधला आणि चहा टाकला.